हाती काहीच न लागलेल्या झडतीची नोंद कुठे असते?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी विश्रांतवाडी, दौंड तालुक्यातली कुरकुंभ औद्योगिक वसाहत आणि पुढे थेट दिल्ली असा माग काढत मेफेड्रोनचा, म्हणजे सगळे ज्याला एमडी म्हणतात त्याचा, प्रचंड साठा पकडला. वजन दीड हजार किलोंच्या पुढे आणि किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर, असे आकडे बातम्यांत आले. असा आकडा वाचला की पुढचे प्रश्न आपोआप येतात. शहरात अजून किती असेल? हे वाढतंय की कमी होतंय? ज्यांची मुलं पुण्यात शिकतात किंवा नोकरी करतात त्यांना तर हे प्रश्न झोपू देत नाहीत. पण त्यांची उत्तरं पोलिसांच्या नोंदींत सापडत नाहीत, कितीही रजिस्टरं चाळली तरी.

यामागे लपवाछपवीच असली पाहिजे असं नाही. त्या नोंदी लिहिल्याच जातात दुसऱ्या कामासाठी. अमुक माणसाकडून अमुक वस्तू मिळाली आणि न्यायालयात आलेली वस्तू तीच आहे, एवढं सिद्ध व्हावं म्हणून पंचनामा असतो. शहरात काय चाललंय हे कळावं म्हणून कोणी पंचनामा लिहीत नाही. आपण मात्र त्याच कागदांची बेरीज करून शहराची तब्येत ठरवायला बसतो.

खबरीपासून मुद्देमालापर्यंत

आधी कागद कसे तयार होतात ते पाहू. समजा, गुन्हे शाखेच्या अमली पदार्थ विरोधी पथकातल्या एका उपनिरीक्षकाला खबऱ्याकडून कळलं की खराडीतल्या एका फ्लॅटमध्ये एमडी ठेवलेलं आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या कलम ४२ नुसार त्याने ती खबर आधी लिहून काढायची आणि ७२ तासांच्या आत तिची प्रत वरिष्ठांकडे पाठवायची. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय आत शिरायचं असेल, तर वॉरंट आणेपर्यंत माल किंवा माणूस निसटेल असं आपल्याला का वाटलं, तेही लिहायचं. मग स्टेशन डायरीला नोंद होते, दोन पंच बोलावले जातात, गाडीत वजनकाटा, लाख, सील, पाकिटं असं सगळं साहित्य चढतं आणि पथक निघतं.

संशयिताची अंगझडती घ्यायची असेल तर कलम ५० आडवं येतं. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती द्यायचा हक्क तुम्हाला आहे, हे त्या माणसाला सांगावंच लागतं. विजयसिंह जडेजा खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं आहे. हे संरक्षण फक्त अंगाच्या झडतीला आहे, हातातल्या बॅगेला नाही. माल मिळाला की जागेवर वजन, सील, पंचांच्या सह्या. पोलीस ठाण्यात आल्यावर तो मुद्देमाल कारकुनाकडे जातो आणि त्याला रजिस्टरचा क्रमांक मिळतो. ४८ तासांत वरिष्ठांना सविस्तर अहवाल जातो. कलम ५२अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर यादी, फोटो आणि नमुने होतात, आणि नमुना गणेशखिंडच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोचतो. तिथून येतो तो रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, पोलिसांच्या आणि वकिलांच्या बोलीतला ‘सीए रिपोर्ट’.

कागदावर ही साखळी मजबूत आहे, आणि ती मुद्दाम इतकी कडक ठेवली आहे. शिक्षा जबर आहे, जामीन अवघड आहे, आणि ताब्यात माल सापडला की आपण निर्दोष आहोत हे दाखवण्याचा मोठा भार आरोपीवरच येतो. पण या साखळीतल्या कागदांकडे पुन्हा एकदा बघा. खबरीची नोंद आणि स्टेशन डायरी सोडली तर बाकीचा जवळजवळ प्रत्येक कागद काहीतरी सापडल्यावरच जन्माला येतो.

‘निरंक’

आता रात्री साडेअकराची नाकाबंदी घ्या. बाणेर रस्त्यावर किंवा मुंढवा चौकात. एका तरुणाची स्कूटर बाजूला घेतली, डिकी उघडायला लावली, पाकीट पाहिलं, खिसे पाहिले. काही नाही. ‘जा.’ त्या पाच मिनिटांचा कागद कुठे आहे?

बहुतेक वेळा कुठेच नाही. सार्वजनिक जागी झडती घ्यायची असेल तर कलम ४३ लागू होतं, आणि त्यात आधी कारण लिहून ठेवण्याची अट नाही. त्या रात्रीच्या स्टेशन डायरीत फार तर एक ओळ असेल की अमुक ते अमुक वेळ नाकाबंदी, इतकी वाहनं तपासली. कोणाला थांबवलं, का थांबवलं, झडती कोणी घेतली, तिला किती वेळ लागला, यातलं काही नाही. आणि ज्याला थांबवलं त्याच्या हातात तर चिठोराही नाही.

घराच्या झडतीचं थोडं बरं आहे. तिथे कारण आधी लिहावं लागतं, आणि काही मिळालं नाही तर निरंक पंचनामा करण्याची पद्धत आहे: ‘घरझडतीत आक्षेपार्ह काही मिळून आले नाही’. पण हा पंचनामा ज्या गुन्ह्याच्या तपासात झाला त्याच्या फायलीत जातो. गुन्हाच दाखल झाला नाही तर फाईलही नाही. वर्षाच्या शेवटी शहरात असे निरंक पंचनामे किती झाले, हे मोजून सांगणारा रकाना वार्षिक आकडेवारीत नाही.

माझ्या मते संपूर्ण नोंदव्यवस्थेतली सर्वांत मोठी पोकळी ही आहे, म्हणून जरा इथेच थांबतो. दोन पोलीस ठाणी कल्पून बघा. दोन्हींनी वर्षभरात एनडीपीएसचे दहा-दहा गुन्हे दाखल केले. पहिल्याने चाळीस जणांच्या झडत्या घेतल्या होत्या, दुसऱ्याने चार हजार. पहिल्याकडे नेमकी खबर होती आणि दुसऱ्याने दिसेल त्याला थांबवलं, हे उघड आहे. पण रजिस्टरात दोघांची कामगिरी सारखीच दिसते. उलट दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतल्या तीन हजार नऊशे नव्वद लोकांनी जो अपमान आणि जी भीती सोसली तिचा हिशेबच कुठे लागत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८४ च्या पोलीस कायद्याने रस्त्यावरच्या झडतीची नोंद करणं बंधनकारक केलं. झडतीचं कारण लिहावं लागतं आणि त्या माणसाला नोंदीची प्रत मागता येते. दरवर्षी झडत्यांचे आणि त्यांच्या निकालांचे आकडे सरकार प्रसिद्ध करतं. त्यातून कळतं की सर्वाधिक झडत्या अमली पदार्थांच्या संशयावरून होतात, आणि एकूण झडत्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांत पुढे काहीच कारवाई होत नाही. कृष्णवर्णीय लोकांना गोऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त थांबवलं जातं हेही त्याच नोंदींतून बाहेर आलं. त्यामुळे तिथले अन्याय संपले असं अजिबात नाही, पण निदान वाद आकड्यांवर होतो. आपल्याकडे ईशान्येकडून आलेले विद्यार्थी, आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं, वस्तीत राहणारी पोरं, रात्री उशिरा बाइकवर फिरणारे डिलिव्हरीवाले यांपैकी कोणाला जास्त थांबवलं जातं, यावर पुण्यात प्रत्येकाचं ठाम मत असतं. आकडा कोणाकडेच नसतो, पोलीस आयुक्तांकडेही नाही.

आणि कायद्यात याची दाद मागायची सोय आहे, हे आणखी लागतं. एनडीपीएस कायद्याचं कलम ५८ सांगतं की सबळ कारणाशिवाय त्रासदायक झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण ज्या झडतीचा कागदच नाही ती झाली होती हे सिद्ध कसं करायचं? नोंद नसल्याचा तोटा प्रामाणिक अधिकाऱ्यालाही होतोच. खोटी तक्रार आली तर आपण त्या वेळी काय केलं आणि का केलं, हे दाखवायला त्याच्याकडेही काही नसतं.

ग्रॅम, किलो आणि कोटी

जे सापडतं त्याची नोंद तरी काय सांगते? प्रामुख्याने वजन. या कायद्यात माणसाचं पुढचं आयुष्य वजनकाट्यावर ठरतं. मेफेड्रोनसाठी अल्प प्रमाणाची मर्यादा २ ग्रॅम आणि व्यापारी प्रमाणाची ५० ग्रॅम आहे. गांजासाठी १ किलो आणि २० किलो. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत शिक्षा. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाण ओलांडलं की कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षं, शिवाय कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ बंद. म्हणजे ४९ ग्रॅम आणि ५१ ग्रॅम यांत दोन चिमटींचा फरक, पण खटले पूर्ण वेगळे.

आता या वजनात काय काय असतं ते पाहा. २०२० साली हीरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की पदार्थात भेसळ असेल तर भेसळीसकट सगळं वजन धरायचं. त्यामुळे ६० ग्रॅमच्या पुडीत खरं एमडी १० ग्रॅमच असलं तरी नोंद ६० ग्रॅमची होते आणि खटला व्यापारी प्रमाणाचा चालतो. प्रयोगशाळेच्या अहवालातही पदार्थ आढळला की नाही एवढंच पुष्कळदा असतं, किती टक्के ते नसतं. मग पुण्यात सध्या जे विकलं जातंय ते किती तीव्र आहे आणि त्यात काय मिसळलेलं आहे, हे या नोंदींतून समजायला मार्ग नाही. ससूनमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्याही रुग्णालयात रात्री अत्यवस्थ मुलगा आणला जातो तेव्हा डॉक्टरला नेमकी हीच माहिती हवी असते.

गांजाचं आणखी निराळं. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर बिया आणि पानं त्यात धरत नाहीत. प्रत्यक्षात गोणी काट्यावर चढते ती काड्या, पानं आणि ओलाव्यासकट. पंचनाम्यात ‘उग्र वासाचा हिरवट रंगाचा ओलसर पाला’ असं लिहिलं जातं आणि खाली २२ किलो. व्यापारी प्रमाण २० किलोला सुरू होतं, त्यामुळे वरच्या दोन किलोंत पानं किती, यावर न्यायालयात युक्तिवाद रंगतो. काही महिन्यांनी तोच माल पुन्हा मोजला तर वाळून हलका झालेला असतो. काही लंपास झालं की नुसतं वाळलं, हे त्या कागदावरून कळत नाही.

किमतीबद्दल थोडक्यात सांगतो: ती वाचूच नका. अमली पदार्थाला छापील भाव नसतो. कुरकुंभ प्रकरणातल्या बातम्यांच्या आकड्यांचा भागाकार केला तर एमडीचा भाव किलोला सुमारे दोन कोटी येतो, म्हणजे ग्रॅमला वीस हजार. कारखान्यातून निघणाऱ्या पिंपांतल्या मालाला आणि रात्री दोन वाजता पबबाहेर विकल्या जाणाऱ्या एका ग्रॅमला एकच भाव लावला की कोटींचे आकडे फुगतात. न्यायालयात या किमतीला काडीचंही महत्त्व नसतं. बातमीत ग्रॅम शोधा, किती आरोपी ते बघा आणि माल तयार करणारा पकडला की नुसता पोचवणारा, ते बघा.

रजिस्टर आणि गोदाम

नोंद झाली म्हणजे माल जपला गेला असं नाही. मोहनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातून माहिती मागवली, तेव्हा २००२ ते २०१२ या काळात जप्त झालेल्या मालापैकी जेमतेम १६ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याचं दिसलं. उरलेल्याचं काय झालं, याचा अंदाजच बांधायचा, असं न्यायालयाने २०१६ च्या निकालात उद्वेगाने नोंदवलं. २०२२ साली मथुरेच्या पोलिसांनी पाचशे किलोंहून जास्त गांजा उंदरांनी खाल्ल्याचं न्यायालयाला सांगितलं होतं. त्याच वर्षाच्या शेवटी केंद्र सरकारने जप्ती, साठवण, नमुने आणि विल्हेवाटीचे नवे नियम आणले. नियम चांगले आहेत, पण ते पाळायचे ते कुठे? जुन्या इमारतीतल्या, अपघातातल्या गाड्यांनी आणि कुजलेल्या गोण्यांनी भरलेल्या मुद्देमाल खोलीत.

याहून कठीण गोष्ट म्हणजे जो माल सापडला पण रजिस्टरपर्यंत पोचलाच नाही. मार्च २०२४ मध्ये पिंपरी चिंचवड पोलिसांनी स्वतःच्याच एका उपनिरीक्षकाला एमडीच्या प्रकरणात अटक केली. त्याच्यावरचे आरोप न्यायालय तपासेल. पण आपल्याच माणसावर कारवाई झाली याचं श्रेय द्यायचं तर ते माग काढणाऱ्यांना द्यावं लागेल, नोंदवहीला नाही. जे लिहिलंच नाही ते नोंदवही दाखवू शकत नाही.

लिहिलेलंही किती खरं, हे खटला उभा राहिल्यावरच तपासलं जातं. पंचनाम्यांची भाषा इतकी ठरलेली असते की नावं आणि वजनं बदलली तर एक पंचनामा दुसऱ्याला चालावा. एकच माणूस अनेक छाप्यांत पंच म्हणून सापडतो, किंवा साक्षीच्या वेळी फितूर होतो. म्हणूनच गंभीर गुन्ह्यांत हल्ली सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून नेतात. कागदात चूक निघाली तर काय होतं याचंही एक उत्तर नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२अ न पाळल्यामुळे आरोपींना सोडलं, तर २०२५ च्या जानेवारीत भारत आंबाळे खटल्यात सांगितलं की केवळ तेवढ्यावरून खटला कोसळत नाही, बाकीचा पुरावाही बघायचा.

‘पुण्याचा’ आकडा

बेरीज करायला बसलो तरी पुणे एक नाही. शहर पोलीस, २०१८ पासून स्वतंत्र झालेलं पिंपरी चिंचवड आयुक्तालय आणि पुणे ग्रामीण, असे तीन हिशेब. शिवाय रेल्वे पोलीस, सीमाशुल्क विभाग, केंद्राचं नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो. कुरकुंभ ग्रामीणच्या हद्दीत, पण कारवाई शहर पोलिसांची. हिंजवडीत वापरलं जाणारं आणि कोरेगाव पार्कात विकलं जाणारं एमडी एकाच साखळीतलं असलं तरी दोन वेगळ्या आयुक्तालयांच्या आकड्यांत जातं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात केरळमध्ये एनडीपीएसचे २६,६१९ गुन्हे आहेत आणि महाराष्ट्रात १३,८३०. लोकसंख्येने केरळ आपल्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. मग केरळमध्ये नशा आपल्या सहापट आहे का? तसा निष्कर्ष काढता येत नाही. तिथे जास्त गुन्हे दाखल झाले, एवढंच त्यातून ठामपणे म्हणता येतं. सिगारेटीत गांजा भरून ओढणारा एक मुलगा हा एक गुन्हा आणि शेकडो किलो एमडी बनवणारा कारखाना हाही एकच गुन्हा. शिवाय एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असतील तर हा विभाग सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतो, त्यामुळे खुनाच्या प्रकरणात सापडलेलं एमडी या रकान्यात दिसेलच असं नाही.

व्हिडिओ आला, पण कशाचा?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने जागेची झडती आणि वस्तूची जप्ती यांचं चित्रीकरण बंधनकारक केलं आहे. साधा मोबाइल चालतो, आणि चित्रण विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं असतं. त्यासाठी ई-साक्ष्य हे ॲप आहे, ते वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदवतं. ही खरोखर मोठी सुधारणा आहे. पंच कुठे उभे होते, पाकीट आधीच उघडं होतं का, काट्यावर किती दिसलं, यावरचे वाद आता बघून मिटवता येतील.

पण कलमाचे शब्द नीट वाचले तर ते जागेच्या झडतीबद्दल आणि वस्तू ताब्यात घेण्याबद्दल बोलतं. रस्त्यात थांबवून खिसे तपासले आणि काहीच ताब्यात घेतलं नाही, तर ती झडती या शब्दांत सरळ बसत नाही. जुनी पोकळी नव्या कायद्यातही जशीच्या तशी राहिली.

माहिती अधिकारात विचारावं, असं कोणी पुणेकर म्हणेलच. विचारावंच. फक्त हे ध्यानात ठेवा की जी माहिती अस्तित्वात आहे तीच द्यायची जबाबदारी कार्यालयावर असते, नवी तयार करून द्यायची नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘गेल्या वर्षी किती लोकांच्या झडत्या घेतल्या’ असं विचारलंत तर ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेलं आहे, आणि ते खरंही असेल. नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो तर मोठ्या अंशी या कायद्याच्या बाहेरच आहे. त्यापेक्षा नेमका कागद मागा: अमुक तारखेच्या नाकाबंदीची स्टेशन डायरीतली नोंद, एनडीपीएसच्या किती मुद्देमालाची मॅजिस्ट्रेटसमोर यादी झाली, किती नष्ट केला, निर्दोष सुटलेल्या खटल्यांत न्यायालयाने कोणती त्रुटी दाखवली.

आणि झडत्यांची साधी नोंदवही ठेवायला संसदेत जाण्याची गरज नाही. तारीख, ठिकाण, थांबवण्याचं कारण, अधिकाऱ्याचा क्रमांक, निकाल, आणि त्या माणसाला एक चिठ्ठी. पोलीस आयुक्तांच्या एका परिपत्रकाने हे उद्या सुरू होऊ शकतं, निदान नाकाबंदीच्या ठिकाणी, जिथे दारू पिऊन वाहन चालवल्याच्या तपासणीची पावती यंत्रातून आत्ताही काढता येते.